पाय धुवायचं पाणी

आबा, तुमचा शोकप्रस्ताव लिहायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाच्या पडणार होतं म्हणा! पंचायत समितीच्या कचेरीत एवढी टेबलं, पण कुणाचा सत्कार निघाला, कुणी निवृत्त झालं, कुणी वारलं, की शिपाई कोरे कागद घेऊन माझ्याकडेच येतो. "भाऊसाहेब, साहेबांनी सांगितलंय, जरा भारीपैकी लिवा." तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तो तसाच आला आणि तेच म्हणाला. मी पेनाचं टोपण काढलं, 'वाडीचे सरपंच कै.' एवढं लिहिलं आणि तिथेच थांबलो. 'कै.' पुढे तुमचं नाव लिहायला हात होईना.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं. पण आबा, माझ्या चांगलं लिहिण्यानंच तर तुमचं वाटोळं केलं. तुमचं, तुमच्या वाडीचं, आणि आता बहुधा माझंही. लोक म्हणतील, सरपंचाला दुष्काळानं नेलं. म्हणू देत. तुमच्या वाडीचं पाणी काय अडवून बसलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. बाकी कुणाला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

तुमची माझी ओळख विहिरीच्या कागदांपायी झाली. जिल्हा परिषदेनं सिमेंट आणि सुरुंगाची दारू दिली होती, अंगमेहनत गावानं करायची होती. तुम्ही दर मंगळवारी धोतराचा सोगा हातात धरून कचेरीत यायचात, बाकावर बसायचात आणि माझी मान वर होईपर्यंत एक अक्षर बोलायचा नाहीत. एकदा मी खेकसलोच, "आबा, किती परस झाली विहीर? आणि परस म्हणजे नक्की किती ते एकदा सांगा, मला इथे आकडा लिहायचाय." तुम्ही उठून माझ्या टेबलापुढे उभे राहिलात, दोन्ही हात वर केलेत आणि म्हणालात, "ह्यो एक परस. असं सहा." सगळी कचेरी हसली. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून तुम्हाला बाकावर ताटकळत ठेवणं बंद केलं.

सहा परस खडक फोडलात तुम्ही. घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. ज्याच्या घरात कुणी धड नव्हतं त्याच्या पाळीला तुम्ही स्वतः उतरायचात, साठी उलटलेली असताना. मी ओरडलो की म्हणायचात, "सरपंच झालो म्हंजी काय हात झडल्यात व्हय?" पाणी लागलं त्या दिवशी तुम्ही बाटलीत ते घेऊन आलात. गढूळ, चहासारखं. माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "साक्षीला ऱ्हाऊ द्या." पुष्कळ दिवस ती बाटली माझ्या फायलींमागे होती.

मग त्या वर्षी तालुक्यातून गौरवासाठी तुमच्या वाडीचं नाव पुढे आलं. दरवर्षी एका गावाला ढाल, मानपत्र आणि सरपंचाला शाल-श्रीफळ, नगरला मोठ्या मांडवात. त्याआधी समिती पाहणीला येणार होती. साहेब लोक जीपनं येणार, मी कागद घेऊन दोन तास आधी एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. ओढ्यापाशी बघतो तर बायांची रांग! वाळूत झिरे खणलेले, आणि बाया त्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरतायत. मी विचारलं, "अहो, नवी विहीर असताना इथे कशाला?" त्यातली एक हसली. "आज पावनं यायचेत न्हवं भाऊसाहेब? तीन दिस झालं हिरीला शिवलो न्हाई. भरू दिलीया."

तीन दिवस! पाहुण्यांना भरलेली विहीर दिसावी म्हणून सगळं गाव तीन दिवस ओढ्याचं पाणी पीत होतं. हे लबाडीनं नाही केलंत तुम्ही, हे मला तेव्हाही कळलं होतं. घरी पाहुणा यायचा असला की आपण सारवतो, चादर बदलतो, तसं तुम्ही विहिरीचं केलंत. तुम्हाला मी गाठून विचारलं तेव्हा तुम्ही चकितच झालात. "मग काय, एवढी मानसं लांबनं येनार, त्यास्नी रिकामा तळ दावायचा?" मी म्हणालो, "आबा, पण एरवी पाणी किती असतं?" तुम्ही म्हणालात, "शिमग्यापतुर असतंय. पुढं बघू. आनखी एक परस खनू."

जीप आली. बीडीओ साहेबांनी काठावरून वाकून बघितलं. दोन परस पाणी, नितळ. त्यांनी एक खडा टाकला, तो डुबुक वाजला, आणि साहेब म्हणाले, "वा!" मी त्यांच्या मागे उभा होतो. तोंड उघडायला तेवढा एकच क्षण होता, आबा. मी काय केलं? मी खिशातून कागद काढला आणि 'वा' लिहून घेतलं.

मानपत्रातलं ते वाक्य मी आठ दिवस घोळवत होतो. 'या गावच्या विहिरीचे पाणी बारमाही असून, येथील माउलींच्या डोईवरचा हंडा कायमचा उतरला आहे.' बायांची ती रांग माझ्या डोळ्यांपुढे असताना मी हे लिहिलं! त्या रांगेवरूनच मला हंडा सुचला, हे तर अजूनच वाईट. लिहिताना मला लाज नाही वाटली. वाक्य चांगलं उतरलं याचाच आनंद झाला. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

नगरचा समारंभ झाल्यावर स्टँडवर चहाला थांबलो तेव्हा तुम्ही काचेची चौकट मांडीवर घेऊन बसला होतात. शालीत गुंडाळलेली, लेकरासारखी. म्हणालात, "भाऊसाहेब, येकदा वाचून दावा." मी वाचलं. "आनखी येकदा." तिसऱ्यांदा वाचताना तुम्ही माझ्याबरोबर म्हणायला लागलात. 'डोईवरचा हंडा कायमचा उतरला आहे' या शब्दांपाशी तुम्ही काचेवर हात ठेवलात. "हे कसं हो सुचलं तुमाला? माझ्या म्हातारीनं जलमभर हंडा वाह्यला. कुनी असं बोललं न्हाई कदी तिच्याबद्दल." आबा, नोकरीत एवढी वर्षं मी लिहितोय. माझं लिहिलेलं माईकवरून वाचतात, लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला उठतात. माझी ओळ पाठ करणारे तुम्ही एकटेच भेटलात. मी त्या दिवशी हवेत होतो हो. एस.टी.त उभ्यानं आलो तरी पाय दुखले नाहीत.

त्या सालीही शिमगा झाला आणि विहीर आटली. तुम्ही कचेरीत आलात, पण पाण्याबद्दल काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. मानपत्र ग्रामपंचायतीत टांगलंय, शाळेची पोरं झेंडावंदनाला ते म्हणतात, एवढं सांगून गेलात. पुढच्या पावसाळ्यात पाऊस बेताचा झाला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात झालाच नाही. बहात्तरचं ते साल आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. घोडेगावच्या बाजारात जनावरं उभी राहून वाळली, पण गिऱ्हाईक मिळेना. तुमचेही बैल तिकडेच गेले.

आणि तुमचा अर्ज आला. 'वाडीस पिण्याचे पाण्याचा टँकर मिळणेबाबत.' टंचाईचं टेबल माझ्याकडेच होतं. मी खुशीनं नाव यादीत घातलं आणि यादी साहेबांपुढे ठेवली. साहेब वाईट माणूस नाहीत, हे तुम्हीही म्हणायचात. टँकर थोडे होते आणि गावं उदंड. काही नावं कापायचीच होती. त्यांनी तुमच्या वाडीवर बोट ठेवलं. "हिला तर आपण ढाल दिली ना? बारमाही पाणी म्हणून?"

"हो साहेब. पण आता आटलंय."

"कुलकर्णी, वरून विचारतील, आदर्श म्हणून गौरवलेलं गाव टंचाईत कसं? विहीर बघितली कुणी? मी बघितली. आणि लिहिलं कुणी?"

त्यांनी नाव कापलं आणि तुम्हाला उत्तर लिहायला सांगितलं. उत्तरही मीच लिहिलं, आबा. 'संदर्भ : एक, आपला अर्ज. दोन, या समितीने आपणास दिलेले मानपत्र. सदर मानपत्रावरून आपले गावी बारमाही पाणी असल्याचे दिसून येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' माझंच वाक्य, माझ्याच हातानं, तुमच्याच तोंडावर. ते पत्र तुम्हाला ग्रामसेवकानं वाचून दाखवलं असेल. तेव्हा तुम्ही कुणाकडे बघत होतात हे मला कळायला हवं होतं, असं सारखं वाटतं.

तुम्ही पुन्हा अर्ज केलात. मग मी साहेबांच्या मागे लागून एका विस्तार अधिकाऱ्याला पाहणीला पाठवलं. इतकं तरी केलं, असं मी मनाला सांगत होतो. तीन दिवसांनी त्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला. मी तो दोनदा वाचला आणि डोकं धरून बसलो. 'गावी पाहणीस गेलो असता सरपंचांचे घरी पाय धुण्यास पाणी, पिण्यास पाणी व चहा मिळाला. टंचाई तितकीशी तीव्र दिसत नाही.'

पुढच्या मंगळवारी तुम्ही आलात. तेच आपलं शेवटचं बोलणं. मी तुम्हाला बसाही म्हणालो नाही.

"आबा, तुम्हाला काही कळतं का हो? टंचाई बघायला आलेल्या माणसाला कुणी पाय धुवायला पाणी देतं?"

"मग? उनातान्हातनं आलेलं मानूस हाय. त्याला काय हुंबऱ्याभायेरच हुबा करायचा?"

"एक दिवस नसतं दिलं तर आभाळ कोसळलं असतं का?"

"म्हातारी ऐकंना भाऊसाहेब. म्हनली, सायेब दारात आला आन् कोरड्या पायानं आत घ्यायचा? दीड कोसावरनं दोन हंडे आनलं हुतं तिनं. त्यातला येक त्यांच्याच पायाला आन् च्याला गेला."

मी कपाळावर हात मारला. आता हसू येतं, रडूही येतं. अख्ख्या जिल्ह्यात असा अर्जदार दुसरा सापडायचा नाही. टंचाई दाखवायची आणि पाहुण्याचे पायही धुवायचे! तेव्हा मात्र मला नुसता संताप आला होता. तुमच्या अब्रूचा, तुमच्या म्हातारीच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, हंड्याचा, त्या अधिकाऱ्याच्या पायांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

तुम्ही बाकावर बसलात. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलंत. असं तुम्ही कधी करत नव्हतात.

"भाऊसाहेब, येक मागू का? तुमी लिवून द्या. त्या सालीबी शिमग्याम्होरं पानी न्हवतं म्हनून. तुमाला ठावं हाय."

"मी लिहू? आणि तुम्ही? तुम्ही ग्रामसभेत ठराव करा ना की तीन दिवस विहीर राखून ठेवली होती. तो आला की मी लिहितो."

"गावाची अब्रू मी सोताच्या हातानं चावडीवर टाकू?"

"मग मी माझी नोकरी टाकू? घरात दोन मुली आहेत माझ्या. साहेबांच्या हातात माझा गोपनीय अहवाल आहे. त्यांनी स्वतः विहीर बघितली असताना मीच खोटं ठरवू त्यांना?"

तुम्ही पागोट्याची कड चाचपत विचारलंत, "आमी कबूल केलं, तर ते मानपत्र माघारी द्यावं लागंल का?"

मी रागाच्या भरात म्हणालो, "लागेल." खरं म्हणजे असा काही नियम आहे की नाही हे मला माहीतसुद्धा नव्हतं. अजूनही नाही. तुम्ही नुसती मान हलवलीत. "पोरांनी पाठ केलंया वो," एवढंच म्हणालात.

दोघांनाही कळत होतं की एकानं तोंड उघडलं की दुसरा सुटतो. आणि दोघंही समोरच्यानं आधी बोलावं म्हणून बसून होतो. माझं तुमच्यापेक्षा कमी जाणार होतं, आबा. हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

मी शिपायाला हाक मारून पाणी मागवलं आणि पेला तुमच्यापुढे ठेवला. कचेरीच्या रांजणातलं गार पाणी. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. "ऱ्हाऊ द्या," म्हणालात. "घरी म्हातारी तशीच बसली आसंल." पागोटं डोक्याला घातलंत आणि निघालात. दारातून वळून, नेहमीसारखं, "येतो भाऊसाहेब," म्हणालात. मी 'या' म्हणालो नाही. पेला संध्याकाळपर्यंत टेबलावर होता. मला तो उचलवेना. शेवटी शिपायानं तो व्हरांड्यातल्या तुळशीला घातला.

आठ दिवसांनी ग्रामसेवक सांगत आला. सकाळी काकींचे पाय सुजले होते म्हणून तुम्ही स्वतःच घागर घेऊन ओढ्यावर गेलात. झिऱ्याशी बसून वाटीनं भरत होतात. बायांनी हाक मारली, 'आबा, सरा, आमी भरतो,' तर तुम्ही म्हणालात, 'माझी पाळी हाय.' मग वाटी खाली ठेवलीत आणि करंजाच्या बुंध्याला टेकलात. बायांना वाटलं, दमले. घागर अर्धी झाली होती. ती काकींकडे तशीच नेऊन दिली.

मी तुमच्या मातीला आलो नाही. दहाव्यालाही आलो नाही. सगळे म्हणाले, भाऊसाहेबांना कामातून सवड नसेल. सवड होती. काकींपुढे उभं राहायला तोंड नव्हतं. घरात मी जेवेना, मुलींवर उगाच ओरडायला लागलो, तेव्हा आमची ही एकदा ताट पुढ्यात आदळून म्हणाली, "एवढं लिहिता, तर एकदा खरं लिहून मोकळे का होत नाही?" मी म्हणालो, "कुठे लिहू? कुठल्या कागदावर? सगळ्या कागदांवर माझीच अक्षरं आहेत." ती म्हणाली, "ते मला काय विचारता? मी कारकून आहे का?"

दुसऱ्या दिवशी शिपाई कोरे कागद घेऊन आला. 'कै.' पाशी मी थांबलो ते सांगितलंच. दुपारपर्यंत तसाच बसलो होतो, आणि मग मला जे सुचलं ते फक्त एखाद्या जुन्या कारकुनालाच सुचेल. आबा, एवढ्या वर्षांत मी शंभर विषयांवर सभा भांडताना बघितली. खडी, शाळा, रस्ते, एकमेकांची बापजाद्यांची वैरं. पण शोकप्रस्तावावर कधी कुणी बोललेलं मी बघितलं नाही. सभापती वाचतात, सगळे उभे राहतात, दोन मिनिटं माना खाली, आणि ठराव एकमतानं मंजूर. कुणी दुरुस्ती सुचवत नाही. कोण सुचवणार? मेलेल्या माणसाच्या नावावर हरकत घ्यायची कुणाची छाती आहे? आणि जे मंजूर झालं ते इतिवृत्तात जातं. इतिवृत्तात गेलं की ते समितीचं म्हणणं होतं. माझं नव्हे, तुमचं नव्हे. मानपत्रासारखंच.

मी लिहायला घेतलं. भारीपैकी एक शब्द घातला नाही.

'ही सभा नमूद करते की, कैलासवासी आबांनी गावाकडून श्रमदानाने सहा परस विहीर खोदून घेतली. या विहिरीस मानपत्र दिले त्या सालीही शिमग्यानंतर पाणी नव्हते. पाहणीच्या दिवशी जे पाणी दिसले ते गावकऱ्यांनी पाहुण्यांच्या मानासाठी तीन दिवस ओढ्याचे पाणी पिऊन राखलेले होते. पुढे टंचाईच्या पाहणीत अधिकाऱ्यांना पाय धुण्यास जे पाणी मिळाले ते आबांच्या पत्नीने दीड कोसावरून डोक्यावर आणलेले होते. ओढ्यातील झिऱ्यावर वाटीने घागर भरत असता आबांचे देहावसान झाले. ही सभा त्यांना श्रद्धांजली अर्पण करते.'

'पाहुण्यांच्या मानासाठी' हे मी मुद्दाम घातलं, आबा. तुमच्या गावाची अब्रू चावडीवर टाकायची नव्हती मला. तुम्ही असतात तर हे वाक्य चाललं असतं का हो? मी तीनदा वाचलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणायला बरोबर कुणी नव्हतं.

साहेबांपुढे कागद ठेवला. "शोकप्रस्ताव ना? छान लिहिलाय ना?" म्हणत त्यांनी न वाचताच सही केली. ते नेहमी तसंच करतात. अजूनही ओढून घेता आला असता तो कागद. सभेपर्यंत दोनदा मी उठलो आणि दोनदा परत बसलो.

सभापतींनी वाचायला घेतलं तेव्हा सगळे उभेच होते. 'शिमग्यानंतर पाणी नव्हते' इथे त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे. पण उभ्या राहिलेल्या सभेपुढे अर्धवट शोकप्रस्ताव खाली कोण ठेवणार? ते वाचत गेले. मग दोन मिनिटं. आबा, त्या दोन मिनिटांत सगळ्यांनी डोळे मिटले होते, दोघं सोडून. साहेब माझ्याकडे बघत होते, आणि मी माझ्या चपलांकडे. मागच्या रांगेत तुमच्याच बाजूचा एक सदस्य तोंडाला उपरणं लावून हुंदके देत होता.

"मंजूर," सभापती म्हणाले.

सभा संपल्यावर साहेबांनी आत बोलावलं. "कुलकर्णी, हे काय लिहिलंत?"

"शोकप्रस्ताव, साहेब."

"यात शोक कुठाय?"

"सगळाच आहे, साहेब."

ते उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते म्हणाले, "विहीर बघायला गेलो त्या दिवशी आबानं माझे पण पाय धुतले होते." मग घसा खाकरून म्हणाले, "आता इतिवृत्तात आलं म्हटल्यावर वाडीचं नाव यादीत घ्यावंच लागेल. मसुदा आणा. आणि तुम्हाला नोटीस द्यावी लागेल, कुलकर्णी. अधिकाऱ्याला अंधारात ठेवल्याबद्दल. त्याचाही मसुदा तुम्हीच आणा, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही."

आणला. दोन्ही आणले. स्वतःला कारणे दाखवा नोटीस लिहिणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. तुम्हाला फार हसू आलं असतं. आता तिचं उत्तर लिहायचंय आणि तिथे पेन परत अडलंय. काय कारणं दाखवू? घाटाजवळच्या अकोले तालुक्यात बदली करतील असं कचेरीत बोलतात. बायको म्हणते, बरंच आहे, तिकडे पाऊस तरी पडतो. पण त्यानं मी सुटत नाही, आबा. हे सहा ओळींचं काम होतं. तुम्ही जायच्या आठ दिवस आधी करायचं होतं, तुम्ही समोर बसलेले असताना. या एका गोष्टीला माझ्याकडे कारण नाही, आणि नोटिशीत ते विचारलेलंही नाही.

काल वाडीला टँकर गेला. मी फाट्यावर उतरून चालत आलो. ओढा रिकामा होता, झिऱ्यांपाशी कुणी नव्हतं. सगळं गाव विहिरीवर. टँकरचा नळ विहिरीत सोडला आणि पाणी तळावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा बाया ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मी तिथून सटकणार होतो. पण एका बाईनं हाक मारली, "भाऊसाहेब, म्हातारीकडं जाऊन या. वाट बघतीया."

काकी उंबऱ्यात बसल्या होत्या. पाय अजून सुजलेलेच. मला बघून भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि तांब्या भरून बाहेर आल्या. "या भाऊसाहेब. लई उनाचं आलात. पाय धुवा."

मी तिथेच उभा राहिलो, आबा. नको म्हणावं तर तुमच्या घरचा मान मोडतो. घ्यावं तर ते पाणी मातीत जातं. तुम्हाला मी विचारलं होतं ना, असल्या वेळी कुणी पाय धुवायला पाणी देतं का? काकींनी तांब्या पुढे केला. पाणी काठोकाठ होतं. म्हणाल्या, "घ्या की. त्ये आसते तर मला बोलले आसते."

मी तांब्या घेतला, चपला काढल्या, आणि तो तोंडाला लावला.

"आवं, त्ये पायाचं पानी!" काकी म्हणाल्या.

मी उभ्यानं सगळं प्यालो. थेंबसुद्धा सांडला नाही. रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि धुळीच्या पायांनीच तुमच्या घरात गेलो.